जाड अक्षरांचे डोळे

प्रिय मल्लेश्वरी,

भिंतीचे फोटो पाठव, पाठव म्हणून तू महिनाभर मागे लागलीस आणि मी आज रेंज नाही, उद्या ऊन नाही करत टोलवत राहिले. मनातून ओशाळले होते गं. पुण्यात बसून तू तो फाँट केलास आणि तो पहिल्यांदा भिंतीवर चढवायचा मान आपल्या मुडबीच्या शाळेला दिलास. तिथे आपण एका बाकावर बसलो, आता मी तिथे शिकवते. पोरं तर बघताक्षणी खुळावली. जाडजूड, अरुंद अक्षरं, टमटममध्ये माणसं बसावीत तशी एकमेकांना रेटून उभी, आणि ज्याला पोट आहे त्याच्या पोटात एक डोळा. ‘वाचा, खेळा, कल्ला करा.’ रस्त्याने जाणाऱ्या बायाही हसून जायच्या.

रंगवलं काशप्पामामांनी. जत्रेआधी देवीचे डोळेही तेच रंगवतात, ठाऊक आहे ना? अक्षरं झाली तसा मामांनी खिशातून आरसा काढला, भिंतीकडे पाठ केली आणि आरशात बघत, खांद्यावरून हात मागे नेऊन एकेक बुबुळ टेकवलं. मी म्हटलं, मामा, ही अक्षरं हायेत, देवी न्हाई. तर म्हणाले, “डोळा म्हंजे डोळा, अक्का. पयली नजर अंगावर घ्यायची न्हाई.” मी पोट धरून हसले. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, मग भिंतीवरच्या डोळ्याला मी कशाला भिते!

बुबुळं अगदी मधोमध होती. मी स्वतः पाहिली होती. श्रावण सरता सरता एके सकाळी ती सगळी डावीकडे, खिचडी शिजते त्या खोलीकडे सरकलेली दिसली. रंग ओघळला असेल म्हटलं. त्याच आठवड्यात गॅसचा भडका उडून खिचडी रांधणाऱ्या कमलम्माचा हात भाजला. मग नजर पाण्याच्या टाकीकडे फिरली. मी रोज पोरांना तिथून हाकलत होते, तरी चन्नवीर वर चढला आणि पडला. चौथीतला, पाढे घडाघडा म्हणणारा पोरगा. दवाखान्यातून घरी आलाय, पण बोलत नाही. नुसता बघतो.

गावात आता दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात, अक्षरं सावध करतात, त्यांना हार घाला. शेजारची सरुबाई म्हणते, “दावत न्हाईत बाई, बोलवायलेत.” माझं अजून ठरत नाही. पोरं मात्र ती ओळ मोठ्याने वाचत नाहीत. डोळे कुठे वळलेत ते आधी बघतात आणि त्या बाजूला जातच नाहीत. कल्ला तर कधीचाच थांबलाय.

गेल्या गुरुवारी डोळे बसवकल्याणच्या रस्त्याकडे वळले. मला सुटल्यासारखं झालं, कारण तिकडे शाळेचं काहीच नाही. संध्याकाळी तुझा निरोप आला. पुढच्या शनिवारी भिंत बघायला येतेय, लेकीला घेऊन, बसवकल्याणवरून, गाडी मीच चालवणार.

मल्ले, राग मान हवं तर, पण मी तुझी अक्षरं पुसली. काशप्पामामा यायला तयार नव्हते, म्हणून काल चुना कालवून मीच दोन हात मारले. आज सकाळी येऊन बघते तर भिंत पांढरीशुभ्र, एकही अक्षर वर आलेलं नाही. डोळे तेवढे आलेत, आणि रस्त्याकडेच बघतायत. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस, तुझं ऐकून मीही हसले असते आणि ये म्हणाले असते. म्हणून स्पीड पोस्टाने हे पाठवतेय, शुक्रवारपर्यंत मिळेल. तुला बघायला जीव तुटतो गं. लेकीला तर अजून मांडीवरही घेतलेलं नाही. पण मल्ले, येऊ नकोस.

तुझीच, आणि तुझ्या लेकीची न भेटलेली मावशी,
मैत्रेयी