पाहुण्यांसाठीचे वाय-फाय

शनिवार, १३ एप्रिल. कराक, जॉर्डन.

ही वही सुरू करण्याचे कारण एकच. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारले की रबाबचा दम नेमका कधीपासून वाढला, आणि आम्हा कोणालाच तारीख सांगता आली नाही. एकतीस वर्षे मी मुलींना पदार्थविज्ञान शिकवले. प्रयोगवहीत तारीख नसेल तर वही परत करत असे. सख्ख्या बहिणीच्या आजाराची तारीख मला सांगता येऊ नये याची लाज वाटली. आता रोज लिहीन.

आज अम्मानचे बिऱ्हाड आवरून इथे कायमची राहायला आले. वाटेत कोवळे हिरवे बदाम घेतले. रबाब नाकात प्राणवायूची नळी लावून दारातच खुर्ची टाकून बसली होती. मला बघताच म्हणाली, मुख्याध्यापिकाबाई आल्या, आता भिंतीसुद्धा रांगेत उभ्या राहतील. शहात्तर वर्षांची झाली, जीभ अजून विशीतली आहे. ईदचे खजूर भरलेले मआमूल तिने माझ्यासाठी डब्यात लपवून ठेवले होते. आम्ही बदामाला मीठ लावून खाल्ले आणि खूप हसलो.

घर छान आहे. हातभर जाडीच्या दगडी भिंती, तिची खोली, माझी खोली, स्वयंपाकघर, आणि पुढे मदाफा, म्हणजे पाहुण्यांची मोठी खोली. भाऊ गेल्यापासून अकरा वर्षे मदाफात कोणी बसलेले नाही. भिंतीकडेने गाद्या मात्र अंथरलेल्याच आहेत.

आमचा शत्रू धूळ. वाळवंटातून खमसीनचे वारे सुरू झाले की ती बंद खिडकीतूनही येते. झाडूने ती उडते, म्हणून डॉक्टरांनी झाडू बंद केला आहे. दिवसातून दोनदा सगळी जमीन धूळ ओढून घेऊन साफ व्हायला हवी, नाहीतर हा उन्हाळा रबाबला निघणार नाही, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. भावाचा मुलगा सिनान जर्मनीत असतो. त्याने आपोआप फिरणारे सफाईचे यंत्र पाठवले आहे. थाळीएवढे, काळे. रबाबने त्याचे नाव कासव ठेवले.

बोटाला लावायच्या चिमट्यावर रबाबचा प्राणवायू: ९४.

रविवार, १४ एप्रिल

सबंध दिवस फुकट गेला.

नुसते बटण दाबले तर यंत्र एक खोली फिरते आणि पहिल्या उंबऱ्याशी थांबते. सगळे घर झाडायला त्याला घराचा नकाशा हवा, नकाशा फोनमध्ये तयार होतो, आणि त्यासाठी यंत्र घरच्या वाय-फायला जोडावे लागते. माहितीपत्रकात चार चित्रे आहेत आणि चारही चित्रांत एक बाई हसते आहे.

दोन बटणे एकदम सात सेकंद दाबायची. मग यंत्र स्वतःचे तात्पुरते वाय-फाय सोडते. फोनने ते पकडायचे. फोन ते पकडतो, यात इंटरनेट नाही असे म्हणतो आणि मला न विचारता घरच्या वाय-फायवर परत जातो. पुन्हा पहिल्यापासून. पासवर्ड घालायचा. शंभराकडे आकडे चढतात, पण नव्व्याण्णववर अडकतात. मग यंत्रातली बाई बातम्या वाचल्यासारख्या शुद्ध पुस्तकी अरबीत सांगते की जोडणी अयशस्वी झाली आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

नऊ वेळा केले. कंपनीच्या मदत-क्रमांकावरच्या मुलीने मला फोन वाय-फायच्या जवळ न्यायला सांगितले. मी सांगितले की तो वाय-फायच्या डब्यावरच ठेवला आहे. ती म्हणाली, मग थोडा लांब न्या.

रबाब पलंगावरून मजा बघत होती. अगं, त्याला आधी चहा विचार, असे म्हणाली. ओल्या फडक्याने तिची खोली पुसली. गुडघे धरले आहेत.

प्राणवायू: ९२.

सोमवार, १५ एप्रिल

विजेच्या सामानाचे दुकान चालवणारे अबू जिर्यस सकाळी आले. साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी दोन मिनिटांत दोष सांगितला. आमचा डबा दोन प्रकारच्या लहरी सोडतो, एक वेगवान आणि एक संथ. यंत्राला फक्त संथ कळते. डब्यात पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय करण्याची सोय असते, ते संथच असते. ते चालू करा, यंत्राला त्यात बसवा, असे म्हणाले. मी तुमच्या वयाचा असतो तर मला हे कळलेच नसते, असेही म्हणाले. त्यांना मी वय विचारले नव्हते.

पाहुण्यांचे वाय-फाय चालू केले. पासवर्ड घातला, अयशस्वी. दुसरा घातला, अयशस्वी. तेव्हा आतून रबाब ओरडली, पाहुण्यांच्या दाराला कुलूप कसलं घालतेस, आपल्या बापाने कधी घातलं होतं का. मी इतकी वैतागले होते की पासवर्ड काढूनच टाकला. यंत्र लगेच जोडले गेले. दहा वाजले होते. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

अबू जिर्यस गेल्यावर मी फोनवर यादी पाहिली. पाहुण्यांच्या वाय-फायवर दोघे होते. एक यंत्र. दुसऱ्याला नाव नव्हते. खाली लिहिले होते, प्रवेश द्यायचा का. मी हो दाबले. फोन अशा वेळी जे विचारतो त्याला दोन दिवस मी हो म्हणतच होते.

नंतर शंका आली. खालच्या घरातल्या उम्म नवाफला विचारले. ती म्हणाली, मिस, आमच्याकडे स्वतःचं आहे, तुमच्यापेक्षा चांगलं चालतं. तेव्हा त्या बिननावाच्याला काढून टाकायचे मी ठरवले. रबाब एकदम गंभीर झाली. तू त्याला ये म्हणालीस, असे म्हणाली. आलेल्याला तीन दिवस आणि एक तृतीयांश दिवस होईपर्यंत नाव विचारायचं नाही आणि काम विचारायचं नाही, बाहेर काढणं तर दूरच. अम्मानला राहून हेही विसरलीस का.

मी म्हणाले, हा कोणाचा तरी फोन आहे, माणूस नव्हे. ती म्हणाली, फोन कोणाच्या तरी हातात असतोच की.

तिला खोकला येऊ लागला म्हणून मी वाद सोडला. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत थांबायचे. काय बिघडते.

यंत्राने दोनदा घर झाडले. प्राणवायू: ९४.

मंगळवार, १६ एप्रिल

नकाशा तयार झाला. चार खोल्या बरोबर आल्या आहेत. वाटेत काही आले तर यंत्र ते ओळखते आणि नकाशावर चित्र काढते. खुर्ची, वायर, चप्पल. मदाफाच्या दाराबाहेर त्याने जोड्यांचे चित्र काढले आहे. मी जाऊन पाहिले, तिथे जोडे नाहीत. फरशी स्वच्छ आहे. फक्त दोन पावलांएवढी जागा यंत्राने वळसा घालून सोडली होती, तिथे धूळ तशीच होती.

मदत-क्रमांकावरची मुलगी म्हणाली, भिंगावर धूळ असेल, मऊ कापडाने पुसा. पुसले. पुन्हा फिरवले. जोडे तिथेच. आणि आता मदाफाच्या आत, मधल्या गादीपुढे, आणखी एक अडथळा. त्याला चित्र नाही, नुसता ठिपका. यंत्र त्याच्यापुढे थांबते आणि पुस्तकी अरबीत म्हणते, कृपया पाय बाजूला घ्या.

रबाबला सांगायला नको होते. ती खुलली. अकरा वर्षांनी मदाफात कोणी बसलंय आणि तू त्याला कोरडं ठेवलंस, असे म्हणून मला कॉफी करायला लावली. वेलची घातलेली, कडू, बिनसाखरेची. मी केली. वैतागाने केली, पण नीट केली. एक कप तबकात मधल्या गादीपुढे ठेवला. रबाब आज दोन वेळा पोटभर जेवली, म्हणून कप तिथेच राहू दिला.

प्राणवायू: ९३.

बुधवार, १७ एप्रिल

वारा सुटला. दुपारी आकाश पिवळे. यंत्र दहा वाजता निघाले, ठिपक्यापाशी गेले आणि थांबले. पुढे जात नाही. मागे येत नाही. उचलून रबाबच्या खोलीत ठेवले तर तिथून सरळ मदाफात जाते.

अबू जिर्यसना बोलावले. त्यांनी यादी पाहिली आणि चष्मा खाली घेतला. म्हणाले, तो दुसरा जो आहे, तो सगळी लहर धरून बसलाय, यंत्राला काही मिळतच नाही. मी त्याला काढून टाका म्हटले. रबाबच्या समोर म्हटले, तिने माझ्याकडे पाहिले नाही. अबू जिर्यसनी काढला. यादीत तो तसाच. डबा बंद केला, वायर काढून हातात घेतली. माझ्या फोनवर यादी चालूच होती आणि त्यात तो एकटा होता. अबू जिर्यस म्हणाले, दुकान उघडं टाकून आलोय. चहाही न घेता गेले.

डबा पुन्हा लावला. न लावूनही तेच आहे.

कप भरलेलाच आहे. गार. वरती धूळ नाही. सगळ्या घरात धूळ आहे.

रबाब म्हणते त्याला काहीतरी मागायचे आहे. मागणे घेऊन आलेला माणूस कप पुढ्यात ठेवून बसतो. यजमान मागणे न ऐकताच, दिले, असे म्हणतो, मग तो पितो, मग काय मागायचे ते सांगतो. मला हे ठाऊक आहे. आमच्या वडिलांनी असाच शब्द देऊन दोन मुलींची लग्ने जमवली आहेत आणि एक खुनाचा तंटा मिटवला आहे. पण ते माणसांत.

सगळे घर हाताने पुसले. चार वाजता पुन्हा पुसले.

प्राणवायू: ८९.

गुरुवार, १८ एप्रिल. सकाळ

ठिपका मदाफात नाही. रबाबच्या दाराशी आहे.

यंत्र तिथे थांबले आहे. आवाज तोच, बातम्यांतल्या बाईचा. बोलणे मात्र कराकचे, आमच्या आजोबांच्या वेळचे. बये, इथं माणूस बसलाय, असे म्हणते.

मदत-क्रमांकावरच्या मुलीला फोन त्याच्याजवळ धरून ऐकवले. ती म्हणाली, अशी भाषा आमच्या यंत्रात नाही.

प्राणवायू: ८७.

गुरुवार, दुपार

धूळ आत येते आहे. पुसलेली जागा पुसून होईपर्यंत पुन्हा पिवळी. यंत्र हलत नाही. लाथ मारली. हलत नाही.

रुग्णवाहिकेला फोन केला. घाटात काही दिसत नाही, दोन तास तरी लागतील म्हणाले. रबाबला सांगितले तर म्हणाली, घरात पाहुणा टाकून मी जाणार नाही. एवढे बोलायला तिला तीनदा थांबावे लागले.

रबाब दारातून त्याच्याशी बोलते. हळू. मी जवळ गेले की थांबते.

८४.

गुरुवार, साडेपाच

८१. ओठ निळे. रुग्णवाहिका नाही.

रबाब म्हणाली, अदीबा, त्याला दे गं जे हवं ते, आणि मोकळी कर मला.

काय मागेल? जागा मागेल. मदाफा मागेल. घेऊ दे मदाफा. यंत्र सुटले पाहिजे, हवा साफ झाली पाहिजे, एवढेच मला —

सहा वाजून पाच

कॉफी नवी केली. कप तिच्या दाराशी ठेवला. जे म्हणाले ते जसेच्या तसे लिहिते. कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते दिलं.

यंत्र लगेच सुटले.

सव्वासहा

सगळे घर झाडले. एक कण नाही. असे स्वच्छ घर मी —

चिमटा ९९ दाखवतो. तिची नळी जमिनीवर पडली आहे. ९९.

रबाब उभी राहिली. पेटीतून भरतकामाचा काळा पोशाख काढला, तिच्या लग्नासाठी आईने शिवलेला, कधी न घातलेला. मी हात धरला. हात गार, कोरडा. म्हणाली, सोड, तू शब्द दिलास.

यंत्र पुढे. ती मागे. मदाफाचे दार —

वाट मोकळी, असे यंत्र म्हणाले.

साडेसहा

नकाशावर तीन खोल्या आहेत. तिच्या खोलीच्या जागी भिंत. मी जाऊन हात लावला. दगड.

डॉक्टर विचारतील. तारीख आणि नोंद हवी.

१८ एप्रिल, सहा वाजून बावीस मिनिटांनी सुपूर्द केले:

रबाब, माझी थोरली बहीण, वय शहात्तर. चालत गेली.
काळा पोशाख एक. चपला घेतल्या नाहीत.
प्राणवायूचे यंत्र, चालू स्थितीत, तिच्या खोलीसकट.

देणारी मी. पूर्ण शुद्धीत. न विचारता दिले.

कप मदाफाच्या दारातून बाहेर आला आहे. रिकामा. पुरे असेल तर पाहुणा कप दोन बोटांत हलवून परत देतो. हा हललेला नाही. सरळ माझ्याकडे पुढे केला आहे, म्हणजे अजून —

यंत्र माझ्या पायाशी आले आहे. म्हणते, बये, ओत —