वीतभर पाणी

सोमवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, नदी बरी नाही. तुझ्या धरणावरचा फोन साहेबांच्या टेबलावर, त्यावर हे बोलायची सोय नाही. म्हणून पत्र जीपवाल्याच्या हाती देते.

नदीच्या उतारापाशी, जिथून तू पूल सोडून पँट दुमडून शॉर्टकट मारतोस, तिथल्या खडीत माशांनी अंडी घातली आहेत. बाकीच्या जागा तुमच्या धरणात बुडाल्या, ही एकच उरली. तुम्ही दिवसभराचं पाणी विजेसाठी संध्याकाळी एकदम सोडता आणि दुपारी इथे खडी उघडी पडते. मी बादलीने पाणी शिंपडत बसते. लोक हसतात, हसू देत. माझी नोकरी हे मासे सांभाळायची, आणि ही अंडी गेली तर या नदीतून हा मासा संपला. मला भीती वाटते रे. काहीतरी कर.

तुझं पोट सुटलंय असं कानावर आलं. चालत जा जरा.

तुझी ताई

बुधवार

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवणावरून तसाच उठलो. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, दिवसाचं पाणी दिवसात सोडतोय, माशांना घड्याळ कळतं का? मी मान डोलावून निघून आलो. यायला नको होतं.

पण रविवारी साहेब बाहेरगावी चाललेत. गेटचं चाक माझ्या हातात. सकाळीच गेट चांगलं वर उचलतो, मग तुझ्या माशांना समुद्रच! लहानपणी मला पाण्यात ढकललं होतंस, त्याची परतफेड समज. भोंगा वाजला की तेवढी काठावर ये. आणि बादली ठेवून पोटभर जेव. पोट माझं सुटलंय, तुझं नाही.

तुझा धाकटा

शुक्रवार

धाकट्या,

आशीर्वाद नंतर, आधी हे वाच. गेट उचलू नकोस! संध्याकाळचं पाणी खडी कशीबशी झेलते, पण गेटचा लोंढा आला तर अंड्यांसकट वाहून जाईल. मला वीतभरच पाणी हवं, पण सतत. ‘काहीतरी कर’ असं मोघम लिहून बसले आणि आता जीव टांगणीला लागलाय. फोन लावला तर साहेबांनीच उचलला, मी घाबरून ठेवून दिला. जीपवाल्याच्या हातापाया पडलेय, पण त्याच्या गाडीचं काही खरं नाही.

ताई

सोमवार

ती. ताईस शि. सा. न.

जीप वाटेत बंद पडली होती. पत्र आज मिळालं. गेट मी काल उचललं, दुपारपर्यंत तसंच ठेवलं. भोंगा वाजवताना मी हसत होतो, ताई. आता कोणत्या तोंडाने विचारू, काही उरलं का?

पत्र वाचल्याबरोबर गेट वीतभर उघडून ठेवलं. साहेब परतले, बंद कर म्हणाले. मी नाही म्हणालो आणि कालचंही सांगून टाकलं. घरी जा म्हणाले. दुसरा माणूस येईपर्यंत मी चाकापाशीच बसणार आहे. शिव्या दे, पण कळव.

तुझा धाकटा

रविवार

चि. धाकट्यास,

शिव्या पुष्कळ साठल्या होत्या. तुझ्या लोंढ्याने सगळी खडी नेली. काठावर बसून मी रडले, तुझ्या नावाने दातओठ खाल्ले. मग पाहिलं तर मोठ्या खडकाच्या आडोशाला सुपाएवढी जागा वाचली होती. दुसऱ्या दिवसापासून पाणी वीतभर येऊ लागलं आणि थांबेचना, भर दुपारीही. रोज वाटायचं, आता धार तुटेल. तू तिथे चाकाला चिकटून बसलायस हे मला काय ठाऊक, तुझं पत्र कालच मिळालं.

आज सकाळी पिल्लं बाहेर पडली. थोडीच आहेत, पण आहेत! जीपवाल्याला दाखवली. मेला चष्मा विसरून आलेला, तरी दिसली म्हणाला.

त्यानेच सांगितलं की तुझी नोकरी गेली. आणि नवा माणूसही गेट वीतभरच ठेवतोय म्हणे. त्याला काय सांगून निघालास रे?

कपडे घेऊन सरळ इकडे ये. फक्त या खेपेला ती शॉर्टकटची खोड सोड, पुलावरून ये. उतारात पाय टाकलास तर खबरदार. पिल्लं तिथेच आहेत.

माया आहेच, तीही धुऊन नेऊ नकोस.

तुझी ताई