बिननंबराची दहाची नोट

४ नोव्हें.
सुधा आज मला, सख्ख्या नवऱ्याला, भाईसाब म्हणाली. मी चहाचा कप घेऊन पलंगाशी गेलो तर, "भाईसाब, लाइन में आइए." मेघाशी, म्हणजे सुनेशी, मराठीत बोलते. सुनेचं नाव तिला आठवत नाही, तरी मराठीत. हिंदी फक्त माझ्याशी. सारी नोकरी बँकेत कॅशच्या खिडकीवर गेली तिची. हिंदी मुलूख, त्यामुळे घरच्यांशी मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी. म्हणजे मी आता गिऱ्हाईक.
डॉ. म्हणाले, ओळखीच्या वस्तू दाखवत जा. बघू.

६ नोव्हें.
नोटांचा अल्बम काढला. माझ्या सगळ्या छापताना चुकलेल्या नोटा. शाई पसरलेली, तिरपी कापलेली, कोपऱ्याला जादा कागदाचा कान राहिलेली. बऱ्याचशा सुधानेच खिडकीवर हेरलेल्या. आपल्या पर्समधली नोट गल्ल्यात टाकून चुकलेली माझ्यासाठी घरी आणायची. आज तिने पानं उलटली आणि जांभई दिली.
पहिल्या पानावर दहाची, नंबरच न छापलेली. हीच घेऊन मी तिच्या खिडकीवर गेलो होतो, लग्नाच्या आधी. "मॅडम, ये नकली है क्या?" ती बघत होती तेव्हा मी आपला पुटपुटलो, "गेले वाटतं दहा रुपये." तशी मान वर करून म्हणाली, "आप मराठी हो क्या?" मग मराठीत, "खोटी नाहीये हो. खोट आहे तिच्यात, एवढंच."
सगळं तिथून सुरू झालं. आज त्या पानावर ती थांबलीसुद्धा नाही.

८ नोव्हें.
लिहिण्यासारखं काही नाही. सुदामा नगरच्या बाजारात भाजी घेतली, परत आलो. ती असून नाही. घरात बसवत नाही, तिला सोडून कुठे जाववतही नाही.

११ नोव्हें.
आंघोळ करून आलो तर अल्बम उघडा, नंबर नसलेली नोट तिच्या मांडीवर, हातात मेघाचा पेन. जिथे नंबर नव्हता तिथे नंबर घातलाय. स्वच्छ, एका ओळीत. कोऱ्या भागावर सही. जुन्या कॅशियरांची सवय, गड्डीच्या वरच्या नोटेवर लिहायची.
माझं दिमागच सरकलं. "अगं, काय केलंस हे?" चांगला ओरडलो. घाबरून तिने नोट उशीखाली सारली. "मैनेजर साब को बुलाऊँ?"
तिच्यावर ओरडलो मी. जेवण गेलं नाही.
पेन्शनच्या हयातीच्या कागदावर तिला सही जमली नव्हती, अंगठा घेतला होता. इथे पूर्ण सही. नीट पाहिली तर सु. मा. दिघे. माहेरची.
म्हणजे तिच्या हिशेबात मी अजून आलेलोच नाही.

१२ नोव्हें.
स्नेहलतागंजचे पटवाजी, माझ्यासारखेच नोटांचे वेडे. फोन करून नोटेचं सांगितलं, आता किंमत काय विचारलं. "अब तो दस की दस है भिया, पोहे खा लो." हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर रडू आलं, ते नोटेसाठी नव्हतं.

१५ नोव्हें.
आज लाइनमध्ये लागलो. पलंगासमोर उभा राहिलो, नोट पुढे केली. "मॅडम, ये नकली है क्या?" मेघा दारातून बघत होती. बघू दे.
सुधाने नोट उजेडात धरली. सहीवरून अंगठा फिरवला. "साइन तो मेरी है." मग नोट उलटसुलट करत बसली. माझे पाय दुखायला लागले. तोंडातून गेलं, "काय करू गं आता."
मान वर केली तिने. "आप मराठी हो क्या?"
हो म्हणालो.
हसली. अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी. तेव्हाही तशीच हसली होती. पुढचं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो. तिने नोट घडी न घालता परत दिली आणि म्हणाली,
"आज कॅश बंद झाली हो. उद्या या."
मराठीत.