‘हट्टी’ सुलटी झाली त्या दिवशी

मी, शिडं शिवणारी, वय अडुसष्ट, राहणार धक्क्यासमोरच्या दुकानाच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी ते काही क्षण खाली आणि पाय वर होते हे खरं, पण त्याचा बुद्धीवर काहीही परिणाम झालेला नाही. उलट इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मरायची मला अजिबात घाई नाही. महासागर ओलांडणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत जो जो उतरतो, त्याने निघण्यापूर्वी मृत्युपत्र करून शर्यतीच्या कचेरीत ठेवायचं, असा इथला नियम आहे. परवा सकाळी मी आणि माझी भाची निघतो आहोत. वकीलसाहेब समोर बसले आहेत आणि “बाई, मुद्द्याचं लिहा” असं सांगून सांगून थकले आहेत.

कलम १. माझी बोट ‘हट्टी’, तिची डोलकाठी, शिडं, दोर, नांगर आणि नवा कोरा जीवरक्षक तराफा यांसह, माझ्या पश्चात माझ्या भाचीला मिळावी. भाची म्हणजे दादाची मुलगी. डोलकाठीवर सरसर चढते म्हणून सगळा धक्का तिला खार म्हणतो. “तुम्ही दोघी बोटीसकट बुडालात तर?” असं वकीलसाहेबांनी विचारलं. तसं झाल्यास हे कलम वाचण्याची तसदी कोणी घेऊ नये.

या बोटीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. माझा थोरला भाऊ, दादा, बोटी बांधतो. ‘हट्टी’ आम्ही दोघांनी मिळून बांधली, तेव्हा खारीचा जन्मही झाला नव्हता. बोटीच्या तळाखाली शिशाची जड कील असते, तिच्या वजनावर बोट उभी राहते. ती ओतताना अर्ध्यात भट्टी विझली. पुन्हा पेटवून आम्ही उरलेलं शिसं ओतलं, पण दादाच्या मनात जे बसलं ते बसलंच: मधे पोकळी राहिली, ही बोट भर समुद्रात उलटली तर सुलटी व्हायची नाही. त्या वर्षी शर्यतीसाठी मी नाव नोंदवून आले होते. बोट तेव्हा त्याच्या नावावर होती. मला न विचारता कचेरीत जाऊन त्याने ते नाव मागे घेतलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर भांडणार कशी? पुढे त्याचा हिस्सा विकत घेतला आणि बोटीचं नाव ‘हट्टी’ ठेवलं, कारण त्या काळात तो मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाकच मारत नसे.

कलम २. दुकान, दोन्ही शिवणयंत्रं, कापायचं लांब टेबल, सुया, मेण आणि तळहातावर बांधायचं चामडं माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या जोडीदारणीला मिळावं. आमचं जन्मभर पटलं नाही, पण तिची शिवण कधी उसवली नाही. तिने एक पाळावं: वादळात लावायचं शीड भडक नारिंगीच शिवावं, गिऱ्हाइकाने कितीही नाकं मुरडली तरी. लाटांत तो रंग लांबून दिसतो.

कलम ३. शर्यतीच्या चिटणीससाहेबांना मी एक फोटो ठेवते. या वर्षी नाव नोंदवायला गेले, तेव्हा माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी विचारलं, “मालक कुठे आहेत?”

“तुमच्यासमोर उभे आहेत,” मी म्हटलं.

“तसं नाही हो, बोट चालवणार कोण?”

“तेही तेच.”

फोटो आजचा आहे. बोट उलटी आहे आणि कील आभाळाकडे आहे. फ्रेम त्यांनी स्वतःच्या खर्चाने करावी आणि नोंदणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी दिसेल अशी लावावी.

यापुढचं कुठल्याच कलमात बसत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. पण ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

शर्यतीला उतरणाऱ्या बोटीची चाचणी अशी असते: डोलकाठी काढायची, एका खलाशाने आत बसायचं, क्रेनने बोट पाण्यात उलटी करायची आणि पट्टे सोडून द्यायचे. बोट आपली आपण उभी राहिली तर नोंदणी पक्की, नाहीतर नाव कायमचं बाद. आत कोण बसणार यावरून खारीचं आणि माझं वाजलं. मी मालक, मी बसले. आम्ही आठवडाभर एकेक वस्तू बांधून ठेवली होती. बॅटरी, शेगडी, हत्यारांची पेटी, झाकणांच्या फळ्यासुद्धा दोरीने. साखरेचा डबा मात्र कोणाच्याच लक्षात आला नाही. बोट उलटली आणि सगळी साखर माझ्या केसांत. अंधारात मी बैठकीच्या पट्ट्याला लटकलेली, बाहेर क्रेनचे पट्टे सुटल्याचा आवाज आला, आणि ‘हट्टी’ जागची हलेना. त्या क्षणी मला वाटलं, दादा बरोबर होता. मी खूप घाबरले. मग ती एका अंगाला किंचित झुकली, अजून झुकली, आणि एका दमात उभी राहिली. खिडकीतून ऊन आलं. मी अशी ओरडले की क्रेनवाल्याला वाटलं माझं काहीतरी मोडलं. तपासनीसांनी शेरा दिला: “साखरेचा डबा बांधावा. बाकी मंजूर.” खार पाण्यात उडी मारून माझ्यापर्यंत आली. दादा धक्क्यावर आमच्याकडे पाठ करून उभा होता. तो शेवटपर्यंत वळला नाही, आणि नंतर दिसला नाही.

कलम ५. (चौथं कलम वरच्या गडबडीत राहून गेलं.) दुकानामागचा गाळा, जो लाकूड वाळवायला दादाला कधीपासून हवा आहे, तो माझ्या पश्चात त्याला मिळावा. अट एकच: दारावर “कील भरीव आहे” असं ठळक अक्षरांत लिहावं आणि आत जाताना रोज मोठ्याने वाचावं.

इथवर लिहून झालं आणि दादा जिना चढून आला. बसला नाही. “साक्षीदार कोण?” म्हणाला.

“एक क्रेनवाले आहेत,” वकीलसाहेब म्हणाले. “दुसरा शोधतोय.”

“मी करतो सही.”

“तुम्हाला नाही करता येणार. पाचव्या कलमात तुम्हाला गाळा मिळतोय. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. सही केलीत तर गाळा गेला.”

“जाऊ दे.”

“अरे, त्या गाळ्यासाठी इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस की!” मी म्हटलं.

“गाळा मला हवाच आहे,” दादा म्हणाला. “पण तू मेल्यावर नको. पोरीला घेऊन परत ये आणि किल्ली माझ्या हातात दे.”

सबब कलम ५ माझ्या समक्ष खोडलं आहे. मला रडू आलं हेही नोंदवते, कारण या कागदावर खोटं लिहायचं नसतं.

ठिकाण: शिडांच्या दुकानाची माडी.
दिनांक: शर्यतीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी.

लिहून ठेवणार: खारीची आत्या, ‘हट्टी’ची मालक व कप्तान (सही)

साक्षीदार पहिला: क्रेनवाला (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. वरील मजकुरातून मला काहीही मिळत नाही, हे वाचून, समजून (सही)