यवतमाळहून परत आलेलं झाड

बाबा, तुमचं लोखंडी झाड आता माझ्याकडे असतं. पुढच्या खोलीत, खिडकीशी. घरी आलेला माणूस आधी नुसतं बघतो, मग वाकतो, मग डोळे बारीक करून शोधायलाच लागतो. खोडाच्या ढोलीत सायकलच्या चेनचा नाग, पत्र्याच्या पानाआड पितळी तोटीचा पोपट, एकाच फांदीला आंबा, तुरीची शेंग आणि कापसाचं बोंड. असं झाड कुठेच नसतं, असं मी म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "मंग मी कायले बनवून राह्यलो?"

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. आर्णीतल्या तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात कोणी गेट करून घ्यायला येईना की वखर दुरुस्तीला आणीना. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. अशात यवतमाळच्या एका व्यापाऱ्याने नव्या बंगल्यासाठी शोभेचं झाड सांगितलं आणि तुम्ही सगळा हिवाळा त्यात घातला. पोचवायला गेलात तेव्हा मीही सोबत होते. व्यापारी झाडाभोवती फिरला, हसला, नाग सापडल्यावर त्याने बायकोला हाक मारली. मग खालच्या फांदीमागे त्याला ती दिसली. कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी, बोटाएवढी बाई.

"एवढी काढून टाका," तो म्हणाला. "दिवाणखान्यात मजूर बाई बरी नाही दिसत."

मी तुमच्याकडे बघते. तुम्ही उकिडवे बसता, त्या बाईवरून अंगठा फिरवता आणि म्हणता, "नाही जमत साहेब. तिले काढलं तं फांदी पडन." फांदी पडणार नव्हती. तेवढं मलाही कळत होतं. तो म्हणाला, "मग राहू द्या, नको मला झाड," आणि आपण झाड गोणपाटात गुंडाळून एसटी स्टँडवर आलो.

"काका, याचं तिकीट काढा लागन," कंडक्टर म्हणाला.

"झाडाचं तिकीट?"

"जागा तं मानसाची घेऊन राह्यलं न थे!"

मग त्यालाच गोणपाटातून पोपट दिसला आणि तिकिटाचं राहून गेलं. बसभर शोधाशोध सुरू झाली. फेटेवाले एक आजोबा "सापडला, सापडला!" म्हणून सीटवरून उठले. त्या मोसमात इतकी माणसं एकत्र हसताना मी पाहिली नव्हती. तुम्ही मात्र खिडकीबाहेर बघत होतात. आईला काय सांगायचं ते तुम्हाला सुचत नव्हतं. घरात त्या झाडाच्या भरवशावर बरंच काही थांबलेलं होतं.

"कायले आनलं वापस?" आईने चुलीपासूनच विचारलं.

"सौदा नाही जमला."

मला राहवलं नाही. "आई, तो मानूस तुले काढा म्हने."

आई पिठाच्या हातांनीच आली आणि झाडापुढे वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. आता ती भडकणार, असं मला वाटलं.

"वेचायले नथ घालून कोन जाते जी?"

"तुही नथ मोडा लागली न," तुम्ही म्हणालात. "म्हनून तिले घातली."

जेवताना आईने तुमच्या पिठल्यावर तेलाची धार धरली ती लवकर थांबवलीच नाही. पुढचे कितीतरी हंगाम ती वेचायला जात राहिली, तुम्ही रस्त्याच्या कामावर गेलात. पण झाड कोणाला विकायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. उलट ती त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालायची म्हणून तुम्हीच तिच्याशी भांडायचात.

मागच्या महिन्यात झाडाचं बूड गंजून ते एका अंगाला कललं. मी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, दुकानात नेतो." मी म्हटलं, इथेच अंगणात करा, आणि खुर्ची टाकून बसले. ठिणग्या उडाल्या, तुमच्या दुकानातला तो वास आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, चष्मा लावा न." तो माझ्या मुलाच्या वयाचा होता. "हो," म्हणाला आणि त्याने चष्मा लावला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला ठाऊक आहे. पण घरात कोणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. माझी चूक मी दुरुस्त केली नाही. तो जाताना मी त्याला म्हटलं, "बाबा, चहा घेऊन जा."