श्वानोमा आणि वाकडं तोंड

३ जानेवारी
नवा संकल्प: कुणाचाही हेवा करायचा नाही. मुळात करतच नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.
लॅबमध्ये आज केक. निमित्त: माझ्या ज्युनिअर हुशारबाईने एका पेशंटच्या लाळग्रंथीत श्वानोमा पकडला. म्हणजे नसेच्या आवरणाची निरुपद्रवी गाठ. पण ती तिथे जवळजवळ कुणाला होत नाही. हिने आधीच ओळखली, म्हणून सर्जनने चेहऱ्याची नस वाचवली. टाळ्या. मीही वाजवल्या. एका हातात केक होता, त्यामुळे आवाज आला नाही.
घरी सांगितलं. बायकोने विचारलं, श्वान म्हणजे कुत्रं ना, मग कुणाला चावलं? म्हटलं, कुणाला नाही. तर म्हणते, मग तुम्ही तोंड का वाकडं केलंय?

४ जानेवारी
महिन्याभरात स्वतःचा श्वानोमा शोधणार. इतकी वर्षं मायक्रोस्कोपपाशी बसून मी काय माशा मारल्या?

११ जानेवारी, दुपार
सापडला! पेशींची केंद्रकं शाळेच्या प्रार्थनेसारखी ओळीने उभी. हीच खूण. रिपोर्ट लिहायला घेतला. हुशारबाई मागून म्हणाली, सर, हा स्नायू आहे.
मला माहीत होतं. तिची परीक्षा घेत होतो.

१२ जानेवारी
हल्ली तिचा आवाज ऐकला की डाव्या कानाखालून ओठापर्यंत झिणझिण्या येतात. रागाचा परिणाम. राग सोडला पाहिजे. तिने बोलणं सोडलं तर लगेच जमेल.

१९ जानेवारी
बायको म्हणते, कानाखाली गाठ लागतेय, कुणाला तरी दाखवा. म्हटलं, बाई गं, मी रोज गाठीच बघतो. दाढेची सूज आहे. गेल्या वर्षीही होती.
उशी बदलायची.

२ फेब्रुवारी
कॉन्फरन्सला हुशारबाईला बोलावणं. मला नाही. मोठ्या मनाने अभिनंदन केलं, गाल चोळत. ती गालाकडे बघत राहिली. म्हणाली, सर, सुई घालून बघू या.
ज्युनिअरने सीनिअरच्या कानाखाली सुई घालायची. हेही दिवस बघायचे होते.

३ फेब्रुवारी
सुई आत गेली आणि ओठापर्यंत वीज चमकली. ओरडलो. तिचे डोळे चमकले. म्हणाली, सर, नसेची वाटते. म्हटलं, तुमचा हात जड आहे.
स्लाइड हट्टाने मीच बघितली. लाळग्रंथीची नेहमीची मिश्र गाठ, ढिगाने येतात आणि आजूबाजूच्या भागासकट काढतात तसली. सही ठोकली. एकदा लॉटरी लागली म्हणून हिला आता गालागालात श्वानोमा दिसतोय!

१६ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. हुशारबाईने सर्जनला सांगितलं, नसेला हात लावण्याआधी एक तुकडा मला पाठवा. मी सांगितलं, काही गरज नाही, माझा रिपोर्ट आहे. सर्जन नुसता हसला. समंजस माणूस, माझंच ऐकणार.
रात्री तीनदा उठून रिपोर्ट वाचला. भुलीच्या इंजेक्शनची भीती, दुसरं काही नाही.

१९ फेब्रुवारी
सर्जन येऊन गेला. त्याने तुकडा पाठवलाच होता. श्वानोमा. हिने ऑपरेशन थिएटरमध्ये फोन करून सांगितलं, नस कापू नका, गाठ तेवढी सोलून काढा. सर्जन म्हणाला, सर, तुमच्या रिपोर्टवर गेलो असतो, तर गाठीबरोबर नसही गेली असती. तोंड कायमचं वाकडं.
बायको हुशारबाईचा हात धरून रडली. मी भिंतीकडे बघितलं. खरंच घाबरलो होतो.

२२ फेब्रुवारी
स्लाइड मागवली. काय त्या ओळी! जन्मात इतक्या सुरेख बघितल्या नव्हत्या. महिनाभर ज्याला शोधत होतो, तो माझ्याच कानाखाली बसला होता. आणि सापडला तिला. माझ्याच गाठीवरून माझा जळफळाट.
पण हरकत नाही. यावर पेपर लिहायचा. पहिलं नाव माझं. गाठ कुणाची?

५ मार्च
पेपर तिने लिहूनही टाकला. नावाचं विचारलं. म्हणाली, सर, पेशंटचं नाव छापता येत नाही. त्यात मी इतकाच आहे: छप्पन्न वर्षांचा पुरुष, सुजेकडे वर्षभर दुर्लक्ष. सुईच्या रिपोर्टबद्दल एक वाक्य: 'सुरुवातीचं निदान चुकीचं होतं.' कुणाचं, ते तिने लिहिलेलं नाही. हे मात्र मला फार लागलं.
नस शाबूत असल्याचा पुरावा म्हणून फोटो हवा. डोळ्यांवर काळी पट्टी आणि खाली हसू. म्हणजे हिच्या यशासाठी मी हसायचं! ठरवलं, मुद्दाम तोंड वाकडं करायचं. घरी आरशासमोर सरावही केला.
फोटोच्या वेळी बायको बाजूलाच उभी. म्हणाली, गेलं ना ते कुत्रं एकदाचं, आता तरी भुंकू नका.
फुटलंच हसू. दोन्ही बाजूंनी अगदी सारखं.
हुशारबाई म्हणाली, सर, फोटो उत्तम आलाय.