लाँड्रीतल्या संगणकावरचं नाव

मी, मॉर्टन झेलनिक, वय पंचाहत्तर, पेशाने इंजिनिअर, राहणार बर्कली, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे; जळतं ते काळीज.

१. घर माझी भाची टोबी हिला. अट एकच, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना हुसकायचं नाही. भाडेकरूंच्या मोर्चांत जन्म घालवला, मेल्यावर शोभा नको.

२. बँकेतली शिल्लक गल्लीतल्या मोफत दवाखान्याला. हत्यारं गुरुवारच्या दुरुस्ती मंडळाला. ज्याला लागतील त्याने न्यावीत.

३. संगणक. चौऱ्याहत्तर साली मी आणि माझा जुना दोस्त वेंडेल ऑस्बी याने तो जोडून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ठेवला. कपडे धुऊन होईस्तोवर कोणीही त्यावर इतरांसाठी निरोप टाइप करावा: खोली हवी, गिटारवाला हवा, मोर्चाला सोबत हवी. त्याचे आराखडे आम्ही जगाला फुकट वाटले. पण वेंडेलला श्रेयाचा वाटा द्यायचा म्हटलं की माझ्या पोटात दुखतं. विद्यापीठातल्या धरण्यात पोलिसांनी दोघांनाही फरफटत नेलं, पेपरात फोटो त्याचा. सर्किट माझं, टाळ्या त्याला. माझी बायको जुडिथ, देव तिच्या आत्म्याला सुखात ठेवो, संसार माझ्याशी करायची आणि हसायची त्याच्या विनोदांवर.

सबब संगणक संग्रहालयाला द्यावा आणि पितळी पाटीवर फक्त माझं नाव असावं. त्यांनी हे कबूल केलं आहे.

४. कलम तीनमधली देणगी रद्द. काल संग्रहालयातली मुलगी तो न्यायला घरी आली, पांढरे हातमोजे घालून. मी सवयीने झाकण उघडायला गेलो तर म्हणते, "सर, उघड्या हाताने नको, प्लीज."

"अगं बाई, हा मीच केलाय!"

"हो सर, पण आता तो काचेत राहणार. बंदच."

वेंडेल माझ्यासाठी सूप घेऊन आला होता. तो खुर्चीत बसून खिदळत होता. "मॉर्टी, लेका, पाटी त्यांच्याकडून करून घे, पेटी मला दे. लाँड्रीवाली अजून जागा देतेय."

"म्हणजे तू तिथे बसून कौतुक करून घेणार!"

"मग काय! तू गेल्यावर कोणीतरी घ्यायलाच हवं ना."

माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मेल्याचे दात सगळे शाबूत!

मुलगी गेल्यावर मी विचार केला. काचेत गेला तर माझं नाव राहील, संगणक मरेल. वेंडेलकडे गेला तर तो चालेल, कारण माझ्यामागे ते सर्किट त्याच्याशिवाय कोणालाच कळणार नाही. हे कबूल करणं जिवावर येतं, तरी लिहितो. संगणक वेंडेलला द्यावा. लाँड्रीत चालू ठेवावा, ज्याला वाटेल त्याने बडवावा.

५. मात्र त्यावर वेंडेलचं नाव कधीही, कुठेही, पेन्सिलीनेसुद्धा लिहायचं नाही. त्यापायी माझं नाही लिहिलं तरी चालेल.

मॉर्टनने हे आमच्यासमोर मोठ्याने वाचून सही केली.

साक्षीदार: लोरेन फुजिता, शेजारीण
ग्रेगरी एमस, पोस्टमन

(सही) मॉर्टन झेलनिक
बर्कली, ९ एप्रिल २०१९